दोनशे नको, वीस द्या

“अहो ताई, मी फुकट मागत नाहीये. पैसे द्यायलाच तर फोन केलाय,” येवल्याच्या कोकिळा भावसार मला फोनवर सांगत होत्या, आणि काचेपलीकडून गांगुर्डे सर मला नऊ बोटं दाखवत होते.

नऊ बोटं म्हणजे नऊ मिनिटं. आमच्याकडे एका फोनला चार मिनिटं ठरलेली. पाचव्या मिनिटाला सर खुर्चीतून उठायचे, सहाव्याला काचेशी यायचे आणि मग बोटं सुरू. माणूस मनाने चांगला, पण पुण्याच्या मुख्य कचेरीतून दर शुक्रवारी येणाऱ्या तक्त्याने त्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा. त्या तक्त्यात सगळ्यांत लांब फोन कुणाचे, तर शैलजा खैरनारचे. म्हणजे माझे. दोनदा लेखी समज मिळाली होती. तिसरी मिळाली की घरचा रस्ता.

सात वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नाशिकला त्र्यंबक रोडवर एका बँकेच्या वरच्या मजल्यावर ‘नभकोश’ नावाच्या कंपनीची मराठी हेल्पलाइन होती. आम्ही सहा बायका तिथे फोन घ्यायचो. लोकांच्या मोबाइलमधले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं कंपनी आपल्याकडे क्लाउडवर सांभाळायची. मोबाइल हरवो, फुटो, पाण्यात पडो, आतलं सगळं शाबूत. पहिली पाच जीबी जागा फुकट मिळायची. ती भरली की पैसे भरून जास्तीची घ्यायची, आणि पैशांचा सगळ्यांत लहान प्लॅन होता दोनशे जीबीचा. महिन्याला एकशे एकोणपन्नास रुपये.

“माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली,” कोकिळाताई सांगत होत्या. “सतराशे बायकांची मापं आहेत माझ्याकडे. मापाच्या पानाचा फोटो, शिवलेल्या ब्लाउजचा फोटो, गळ्याचा वेगळा फोटो. बाई पाच वर्षांनी आली तरी मी मोबाइल काढून दाखवते, हा बघा, हा गळा शिवला होता तुम्हाला. हे सगळं मिळून होतंय आठ जीबी. आता मला सांगा, आठासाठी मी दोनशे कशाला घेऊ?”

समोर चिकटवलेल्या कागदावरचं वाक्य मी वाचलं. “मॅडम, तुमच्यासाठी खास सवलत आहे. पहिले तीन महिने निम्मी किंमत.”

“निम्मी किंमत नको हो. निम्मं सामान द्या. निम्मं तरी कशाला, दहावा हिस्सा द्या आणि त्याचे काय होतील ते सांगा.”

“तसा प्लॅन नाहीये, मॅडम.”

“मग करा की.”

“ते आमच्या हातात नसतं.”

“मग कुणाच्या हातात असतं?”

तेवढ्यात काचेपलीकडे दहावं बोट उघडलं. मी क्षमा मागितली, त्यांनी “बरं, तुम्ही तरी काय करणार” म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर त्यांच्या नावापुढे लाल खूण आली. खातं बंद.

फोन संपला की ग्राहकाने पैशांचा प्लॅन का घेतला नाही, याचं कारण नोंदवावं लागायचं. पडद्यावर तीनच पर्याय होते. परवडत नाही, गरज नाही, इतर. असल्या फोनला आम्ही सगळ्याजणी सवयीने पहिलाच पर्याय दाबायचो. कोकिळाताईंचा फोन ठेवला तेव्हा मात्र माझं बोट तिथे जाऊन थांबलं.

नभकोशमध्ये येण्याआधी मी तीन वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचे. तिथे एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस आधी जे विचारतो ते त्याला विचारायचं नसतंच. “शिर्डीची गाडी कितीला?” म्हणणाऱ्याला वेळ समोरच्या फळ्यावर दिसत असते, त्याला बरोबरच्या म्हाताऱ्या आईला बसायला जागा मिळेल का, ते हवं असतं. जरा थांबलं की तो ते बोलतो. माझे फोन लांबायचे ते या थांबण्यामुळे.

“शबनम,” मी शेजारच्या खुर्चीकडे वळले. शबनम पठाण माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बोलण्यात माझी आजी शोभावी. “ही बाई परवडत नाही असं एकदा तरी म्हणाली का?”

“मी कुठे ऐकलं, शैलाताई? पण माझ्याकडे सकाळपासून असे चार झाले. एक तर म्हणाला, घोटभर चहा मागितला तर तुम्ही अख्खी किटली गळ्यात मारता.”

“त्याला काय नोंदवलंस?”

“परवडत नाही. दुसरं काय नोंदवणार?”

जेवणाच्या सुट्टीत मी खालच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. रेघा मारून तीन रकाने केले. तुमचं सध्या किती भरलंय? किती जागा असती तर पुरली असती? त्याचे किती दिले असते? जो कुणी दोनशे जीबीला नको म्हणेल त्याला हे तीन प्रश्न विचारायचे आणि नावापुढे लिहून ठेवायचं. कोकिळाताईंचं बोलणं आठवून आठवून पहिलं पान भरून टाकलं.

चौथ्या दिवशी सरांनी वही पाहिली.

“हे काय आहे, खैरनार मॅडम?”

“लोक काय म्हणतात ते.”

“त्यासाठी पडद्यावर जागा दिली आहे ना?”

“तीन बटणं दिली आहेत, सर. लोक जे म्हणतात त्याचं बटण त्यात नाही.”

“फोन आणखी एक मिनिटाने लांबलेत तुमचे. पुण्याला कळलं तर खैरनारांचं जाऊ द्या, माझी खैर नाही.” ते रागावलेच होते, पण जाताना त्यांनी वही काही उचलून नेली नाही.

पुढच्या शुक्रवारी तक्त्याऐवजी पत्र आलं. सरांनी आम्हा सहाजणींना टेबलाभोवती बोलावलं आणि पत्र न वाचताच सांगितलं, “महिन्याअखेर आपली लाइन बंद होणार. प्लॅन ठरवणारे कीर्तने साहेब दोन आठवड्यांनी येऊन स्वतः सांगणार आहेत. मराठी ग्राहक फुकटची जागा वापरतात आणि सोडून जातात. त्यांची ऐपत नाही, असं लिहिलंय.”

आमच्यातल्या दोघींच्या घरी तेवढाच पगार येत होता. शबनमने नुकताच नवऱ्याच्या रिक्षासाठी पहिला हप्ता भरला होता.

“ऐपत नाही हे त्यांना कुणी सांगितलं?” मी विचारलं.

सरांनी चष्मा काढला. “तुम्ही. तुम्ही सगळ्यांनी. शंभरातल्या एकाहत्तर फोनांवर तुमच्याच बोटांनी दाबलंय, परवडत नाही.”

मग मी माझी वही आणून टेबलावर उघडून ठेवली. सर उभ्याउभ्याच वाचू लागले. एक पान, दोन पानं, पाच पानं. वाचता वाचता खुर्चीत बसले.

“यातला एकही माणूस फुकट मागत नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

“नाही, सर.”

“दहा जीबी. पंधरा. बारा. वीस. याला फक्त वडिलांची भजनं ठेवायची आहेत. सात जीबी.” त्यांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या प्रत्येकीच्या टेबलावर एकेक कोरी वही होती, रेघा मारलेली. सरांनी घरी बसून स्वतः मारल्या होत्या. “सगळ्याजणी लिहा,” ते म्हणाले. “चार मिनिटांचं काय ते मी बघतो.”

दोन आठवड्यांत आठशे छत्तीस नावं लिहून झाली.

अनिरुद्ध कीर्तने बुधवारी अकराला आले. पस्तिशीचा, टापटीप, हळू आवाजात बोलणारा माणूस. हातात सहा बंद पाकिटं. वाईट बातमी फोनवरून सांगता आली असती, तरी तो स्वतः आला, हे मी त्याच्या खात्यावर तेव्हाही मांडलं होतं.

“तुमच्या कामात काही कमी नव्हती,” त्यांनी सुरुवात केली. “पण बाजारच जर...”

“सर,” मी उभी राहिले. बसस्थानकावर कमावलेला आवाज लावला. “पाकिटं देण्याआधी एक तास आमचे फोन घ्या.”

“म्हणजे?”

“माझ्या खुर्चीत बसा. हेडफोन लावा. एक तास लोकांशी तुम्ही बोला.”

“मॅडम, माझ्याकडे सगळे आकडे आहेत.”

“आकडे आमचेच आहेत, सर. आणि ते चुकीचे आहेत. आम्हीच चुकीचे दिले.”

त्यांनी गांगुर्डे सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते. आता हे मान खालीच ठेवणार, असं मला वाटलं. पण त्यांनी मान वर केली. “मॅडम बरोबर बोलतायत, साहेब. एक तास काढा.”

कीर्तने बसले. आवाज सगळ्यांना ऐकू येईल अशी सोय शबनमने करून दिली. पाच मिनिटांत पहिला फोन वाजला. निफाडचे भाऊसाहेब थेटे, द्राक्षबागायतदार. त्यांना वेलीच्या पानांचे फोटो ठेवायचे होते; कोणत्या वर्षी कोणत्या आठवड्यात कोणता रोग दिसला, काय फवारलं, बारा वर्षांचा इतिहास.

“सर, दोनशे जीबीमध्ये तुम्हाला भरपूर जागा मिळेल,” कीर्तने म्हणाले.

“भरपूर कोण मागतंय? माझे फोटो अकरा जीबीचे. राहिलेल्या जागेचं काय करू, भाड्याने देऊ?”

“पुढे लागेल ना, सर. फोटो वाढत जातात.”

“वाढतील तेव्हा घेईन. तुम्ही कुठे पळून चाललाय का? अहो, पावशेर भाजी घ्यायला आलेल्या माणसाला तुम्ही हातगाडी विकताय.”

शबनमने तोंडावर ओढणी धरली. कीर्तन्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी तीन महिन्यांची निम्मी किंमत सांगितली, तेव्हा थेटे म्हणाले, “निम्म्यात दिली तरी ती हातगाडीच की,” आणि फोन ठेवून दिला.

दुसरा फोन सिन्नरच्या एका अंगणवाडीताईंचा. तिसरा नांदगावच्या बँजो पार्टीवाल्याचा, त्याला वरातीत वाजवलेल्या गाण्यांचे तुकडे गिऱ्हाइकांना दाखवायला हवे होते. एकाला नऊ जीबी हवी, एकाला चौदा. तिसऱ्या फोननंतर कीर्तन्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला.

“हे मला कळत नाही असं नाही,” ते सगळ्यांकडे बघत म्हणाले. “लहान प्लॅन करून पाहायचं दोनदा ठरलं होतं. जमत नाही. दरमहा पंचवीस रुपये घ्यायचे म्हटलं तरी ते दरमहा गोळा करावे लागतात. आठवण द्यायची, अर्ध्यांचे पैसे अडकतात, मग ते तुम्हाला फोन करतात. तुम्ही उचललेला एक फोन कंपनीला बावीस रुपयांना पडतो. पंचवीस मिळवायला बावीस घालवायचे? आणि दोनशेवाले लोक खाली उतरले तर ते नुकसान वेगळंच.”

याचं उत्तर आमच्या वहीत नव्हतं. आठशे छत्तीस माणसांनी किती देऊ ते सांगितलं होतं, पण कसे देऊ, ते आम्ही विचारलंच नव्हतं. आता संपलं, असंच वाटलं.

कीर्तने वही चाळत होते. पहिल्याच पानावर ते थांबले. “हिच्या नावापुढे अख्खं पान लिहिलंय. कोण ही?”

“येवल्याच्या आहेत. ब्लाउज शिवतात. सोडून गेल्या.”

“लावा फोन.”

शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला आणि मग कोकिळाताईंचा. कीर्तन्यांनी आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं.

“म्हणजे ज्यांच्या हातात असतं ते तुम्हीच का?” कोकिळाताईंनी विचारलं.

“थोडंफार,” कीर्तने म्हणाले. त्या दिवशी प्रथमच ते हसले. “मॅडम, वीस जीबी दिली तर काय द्याल?”

“महिन्याला पंचवीस देईन.”

“तिथेच अडतंय. दर महिन्याला पंचवीस गोळा करण्यात आमचेच जास्त जातात.”

“मग दर महिन्याला कशाला मागता?” कोकिळाताई म्हणाल्या. “वर्षाचे एकदम घ्या. तीनशे घ्या. दिवाळीत हातात पैसे असतात, देऊन टाकीन. महिन्याच्या महिन्याला तुमचा मेसेज आला की मलाच कटकट होते. माझ्या गिऱ्हाइकांनी शिलाई हप्त्याने दिली असती तर मी दुकान केव्हाच बंद केलं असतं.”

“लोक वर्षाचे आगाऊ देतील?”

“का नाही देणार? वर्षाच्या आत मरायचा विचार नाहीये कुणाचा.”

कीर्तन्यांनी टेबलावरचं एक पाकीट ओढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडेमोड सुरू केली. वर्षातून एकच आठवण. एकदाच पैसे. चुकून एखादा फोन. त्यांनी दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा खाली रेघ मारली. ते पाकीट माझ्या नावाचं होतं.

“मॅडम, तुम्ही फोनवर आहात ना?” त्यांनी विचारलं.

“आहे ना. पण जरा लवकर बोला, लग्नाचे सहा ब्लाउज द्यायचेत.”

त्यांनी आभार मानून फोन ठेवला आणि आमच्याकडे वळले. “मी शब्द देऊ शकत नाही. पण तीस दिवस मागून घेतो. फक्त तुमच्या लाइनवर, फक्त मराठी ग्राहकांना. वीस जीबी, वर्षाचे दोनशे नव्याण्णव. तीस दिवसांत हजार लोकांनी घेतला, तर पुण्यात मी बोलेन. नाही घेतला, तर...” त्यांनी पाकिटं आपल्या बॅगेत ठेवली, फाडली मात्र नाहीत. “याला नाव काय द्यायचं? पुण्याचे लोक मिनी म्हणतील.”

“मिनी नको,” मी म्हणाले.

“मग किफायती?”

“ते लोक किफायत मागत नाहीयेत, सर. मिनी म्हटलं की वाटतं काहीतरी कमी घेतलं. त्यांना कमी नकोच आहे.”

“मग काय हवंय?”

मी शब्द शोधत राहिले आणि शबनम सहज बोलून गेली, “पुरेसं.”

तेच नाव राहिलं. पुरेसं.

पुढच्या सोमवारपासून आम्ही वह्यांतले नंबर फिरवायला लागलो. “नमस्कार, तुम्ही वीस जीबी मागितली होती. आता आहे.” आपण फोनवर बोललेलं कुणी लिहून ठेवलं, याचंच लोकांना अप्रूप वाटायचं. थेट्यांनी मी बोलत असतानाच पैसे भरले आणि “आता कसं!” म्हणाले. पहिल्या दिवशी एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी अडतीस. मग गाडी अडखळली. सहाव्या दिवशी नऊ, सातव्या दिवशी चार. लोक हो म्हणत, पैसे भरायला जात आणि तिथून माघारी फिरत.

आठव्या दिवशी मी एका आजोबांना फोनवरच धरून ठेवलं. “आजोबा, पडद्यावर काय दिसतंय ते मला वाचून दाखवा.”

“दोनशे नव्याण्णव. पुढे तिरकी रेघ आणि इंग्रजी अक्षरं.”

“ते काय वाटलं तुम्हाला?”

“काय वाटणार? महिन्याचे दोनशे नव्याण्णव. तुम्ही तोंडाने एक सांगता आणि घेता भलतंच. जुनी युक्ती आहे.”

मी पुण्याला थेट कीर्तन्यांनाच फोन केला. “सर, ती इंग्रजी अक्षरं काढा. तिथे मराठीत लिहा, वर्षाचे दोनशे नव्याण्णव. आणि त्याखाली लिहा, महिन्याचे नाही.”

“महिन्याचे नाही? असं कोणी लिहीत नाही, मॅडम.”

“म्हणूनच लिहा.”

दुपारी तीनला पडदा बदलला. पाचपर्यंत सत्तावीस जणांनी पैसे भरले. दुसऱ्या दिवशी ब्याण्णव. तिसऱ्या दिवशी आम्ही फोन केला नव्हता अशांचेही यायला लागले. बहिणीने सांगितलं, शेजाऱ्याने सांगितलं, ब्लाउजवाल्या काकूंनी सांगितलं. येवल्याचे तेवढे त्रेसष्ट आले, आणि त्यातल्या बहुतेकींनी फोनवर पहिल्यांदा आपल्या ब्लाउजचं कौतुक केलं. कोकिळाताई परत आल्या होत्याच, आणि शिलाई द्यायला आलेल्या एकीलाही सांगितल्याशिवाय सोडत नव्हत्या.

गांगुर्डे सर आता काचेपलीकडे थांबतच नव्हते. ते आमच्या मागे येरझारा घालत आकडा मोठ्याने वाचायचे, सामना सुरू असल्यासारखा. आठशे दहा. आठशे पंचाण्णव. नऊशे साठ. बाविसाव्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शबनमच्या फोनवर मनमाडच्या एका मेंदीवालीने पैसे भरले आणि पडद्यावर चार आकडे उमटले. शबनमने आधी त्या बाईचे आभार मानले, शिस्तीत, “आपला दिवस चांगला जावो” पर्यंत. मग हेडफोन काढला आणि अशी किंचाळली की खालच्या बँकेतला पहारेकरी धावत वर आला. सरांनी त्याच पहारेकऱ्याला मिठी मारली. आदल्या दिवशी थेट्यांनी एसटीने द्राक्षांची पेटी पाठवली होती. ती फोडून आम्ही पहारेकऱ्यासकट सगळ्यांनी हातांनीच घड तोडून खाल्ले.

तीस दिवस संपले तेव्हा अकराशे त्र्याऐंशी जणांनी पुरेसं घेतलं होतं. दोनशे जीबीवरून खाली किती उतरले? कीर्तन्यांना चारशेची भीती होती. उतरले सव्वीस. पुण्यात दोन दिवस बैठक चालली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. लाइन राहणार होती, आणि पुरेसं गुजरातीत, कन्नडमध्ये, हिंदीत सगळीकडे निघणार होतं. नोंदीच्या पडद्यावर चौथं बटणही येणार होतं. लहान प्लॅन हवा.

पण खरी परीक्षा त्यानंतर वर्षाने होती. सोयीसाठी पहिल्या सगळ्यांचं वर्ष एकाच तारखेला, एकतीस मार्चला संपवलं होतं. एकदा पैसे भरणं सोपं, पुन्हा भरणं अवघड. पुण्याने आधीच बजावलं होतं, निम्मे लोक सोडतील, बाकीचे अडकतील, फोनांचा पाऊस पडेल. त्या दिवसापुरत्या दोन जादा मुली बोलावल्या होत्या. नऊ वाजता आम्ही आठजणी हेडफोन लावून, पाण्याच्या बाटल्या भरून बसलो.

साडेनऊ झाले. फोन नाही. दहा झाले. अकरा झाले. एकही वाजला नाही.

“सगळे गेले वाटतं सोडून,” शबनम हळूच म्हणाली.

“लाइनच बंद पडली असणार,” गांगुर्डे सर म्हणाले. त्यांनी वायर हलवून पाहिली, खोका बंद करून पुन्हा सुरू केला, टेबलाखाली वाकून बघितलं. शेवटी स्वतःच्या मोबाइलवरून आमचाच नंबर फिरवला.

माझ्या टेबलावरचा फोन वाजला. आठही जणी दचकल्या.

“नमस्कार, नभकोश मदत केंद्र, शैलजा बोलतेय,” मी म्हणाले.

“लाइन चालू आहे,” सर सहा पावलांवरून मोबाइलमध्ये म्हणाले. मोबाइल कानाला तसाच ठेवून ते आपल्या टेबलाशी गेले आणि दुसऱ्या हाताने त्यांनी भरलेल्या पैशांची यादी उघडली. बघता बघता त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“सर? काय झालं?”

“कुणी फोन कशाला करेल, मॅडम?” त्यांना श्वास पुरत नव्हता. “सकाळपासून आपापले भरतायत. अडचण आली तरच माणूस फोन करतो ना. अकराशे त्र्याऐंशीपैकी आत्तापर्यंत...”

फोन ठेवायचं त्यांच्या लक्षात नव्हतं, माझ्याही. त्यामुळे तो आकडा मला दोनदा ऐकू आला, एकदा कानात आणि एकदा समोरून, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

“एक हजार सेहेचाळीस!”